फुटिंगच्या खड्ड्यात मडकं लागतं तेव्हा

पोकलेनचा ऑपरेटर फुटिंगच्या, म्हणजे कॉलमच्या पायाच्या, खड्ड्याच्या तळापासून बराच लांब आणि उंच बसलेला असतो. इंजिनाच्या आवाजात खाली मडकं फुटलं तरी त्याला ऐकू येत नाही. वीस टनी मशीनच्या बकेटमध्ये एका खेपेला पाऊण-एक घनमीटर माती येते. तीन हजार वर्षांपूर्वी पुरलेलं एखादं तान्हं मूल, त्याला ज्यांत पुरलं ते दोन्ही कुंभ आणि शेजारची वाटी यांना तेवढी जागा पुरून उरते. एका खेपेत सगळं डंपरमध्ये जातं आणि कुणाला पत्ता लागत नाही. आपल्याला कळतात ती दफनं बहुधा मशीन थांबल्यानंतरची, म्हणजे मजूर खड्ड्यात उतरून कडा तासायला आणि पीसीसीसाठी, म्हणजे पायाखालच्या साध्या काँक्रीटच्या थरासाठी, तळ सपाट करायला लागतात तेव्हाची. हाताने काढलेल्या त्या शेवटच्या अर्ध्या फुटात खापर दिसतं, मग हाड, आणि मग खड्ड्याभोवती माणसं जमतात.

नाशिकसारख्या गावात असं होण्यात नवल नाही, नवल आहे ते इतकं कमी वेळा कळण्याचं. गोदावरीच्या काठावर मातीची गढी आहे. तिथे १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं; प्रवरेकाठच्या जोर्वे गावातलं काम आणि हे काम यांचा अहवाल एकत्रच १९५५ साली निघाला. गढीच्या तळाशी ताम्रपाषाणयुगातल्या लोकांचे अवशेष होते, त्यावर इसवी सनाच्या आगेमागच्या शतकांतलं व्यापारी गाव, त्यावर मुसलमानी आणि मराठा काळ. या थरांच्या मध्ये माणसं मरतही होतीच, आणि त्यातली सगळी काही नदीकाठी जाळली गेली नाहीत.

जुन्या वस्तीची माती ओळखणं अवघड नाही. आजूबाजूचं शेत काळं आणि मधलाच एक उंचवटा राखट, पांढुरका, भुसभुशीत दिसला, की ती पांढरी. चुलींची राख, पडलेल्या कुडाच्या आणि मातीच्या भिंती, शेण, खापरं, हाडं असं शेकडो वर्षांचं सगळं मिसळून ती होते. नदीकाठच्या किती तरी गावांत अशी टेकाडं होती. धाब्याच्या घरांवर टाकायला आणि शेतात खत म्हणून पसरायला गाड्या भरभरून ही माती नेली गेली. उरलेल्या टेकाडांवर गावठाण वाढलं, आता तिथे पार्किंगसाठी तळघरं खणली जातात. प्लॉट खणताना वरच्या भरावाखाली मुरूम किंवा स्वच्छ काळी माती न लागता राखेचे पट्टे आणि खापरं लागली, तर तिथून पुढे दातांची बकेट काढून सपाट पात्याची बकेट लावावी आणि एका वेळी चार-सहा इंचांहून खोल जाऊ नये. एवढी एक गोष्ट केली तरी निम्मं नुकसान टळतं.

जोर्वे संस्कृतीचे लोक, इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या काळातले शेतकरी, आपली मेलेली माणसं गावाबाहेर नेत नसत. घराच्या जमिनीखाली नाही तर अंगणात पुरत. नेवासे, दायमाबाद, चांदोली, इनामगाव या सगळ्या ठिकाणी हेच दिसतं. गिरणा नाशिक जिल्ह्यात उगम पावते. तिच्याच काठी जळगाव जिल्ह्यात बहाळसमोरच्या टेकवाड्यालाही या काळातली दफनं मिळाली. एकट्या इनामगावात दोनशेहून जास्त दफनं निघाली आणि त्यातली बहुसंख्य लहान मुलांची होती. म्हणजे जिथे जोर्वेकालीन घराची जमीन, तिथे खाली मूल असण्याची शक्यता धरूनच चालावं. याला स्मशानभूमी समजायचं कारण नाही. सरळ घरातच खणतो आहोत असं समजून खणावं.

खड्ड्याच्या उभ्या कडेत हे दफन कसं दिसतं ते नीट पाहण्यासारखं आहे. कड आधी खुरप्याने किंवा गवंड्याच्या थापीने वरून खाली हलक्या हाताने तासायची. ओली असेल तर थोडी सुकू द्यायची, पार सुकली असेल तर बारीक फवारा मारायचा. मग चुन्याने किंवा शेणाने सारवलेल्या घराच्या जमिनीची पातळ आडवी रेघ दिसते. एका जागी ती तुटलेली असते. तिथून खाली गेलेला वाटोळ्या तळाचा खड्डा आतल्या मातीच्या रंगावरून उमटतो, कारण खणून परत भरलेली माती कधी पहिल्यासारखी बसत नाही. ती मोकळी असते, तिच्यात वरच्या आणि खालच्या थरांचे ठिपके मिसळलेले असतात. खड्ड्याच्या तळाशी दोन करड्या रंगाचे, हाताने घडवलेले, जाड कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले. काठ बाहेर वळलेले, खांद्यावर कधी बोटांनी दाबून केलेली नक्षी. मुलाचं डोकं एका कुंभात, बाकीचं शरीर दुसऱ्यात. क्वचित एकच कुंभ, क्वचित तीन. शेजारी तोटीचं भांडं किंवा कंगोरेदार वाटी. ही भांडी मात्र चाकावरची, पातळ, लाल अंगावर काळी नक्षी काढलेली आणि इतकी कडक भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात.

कुंभात माती पाझरून भरलेली असते. तान्ह्या मुलाच्या कवटीची हाडं एकमेकांना जुळलेली नसतात, त्यामुळे ती सुटी होऊन तळाशी पडतात आणि पाहणारा त्यांना करवंटीचे तुकडे समजून फेकतो. बरगड्या कोंबडीच्या वाटतात. सर्वांत टिकाऊ असतात ते दात, हिरडीतून बाहेरही न आलेले दातांचे कोंब. त्यांच्यावरून वय काही महिन्यांच्या फरकाने सांगता येतं आणि नेमके तेच मातीबरोबर जातात.

मोठ्या माणसांची तऱ्हा वेगळी. लांबट खड्डा, शरीर उताणं, डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, आणि घोट्याखालची पावलं नाहीत. ती पुरण्याआधी तोडत असत. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये किंवा भूत होऊन फिरू नये म्हणून, असा अर्थ पुष्कळ अभ्यासक लावतात. अर्थ पटण्यासारखा आहे, पण त्या लोकांनी काही लिहून ठेवलेलं नाही हेही लक्षात असू द्यावं. इनामगावला एक पुरुष मात्र चार पायांच्या, कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात पाय दुमडून बसवलेला मिळाला आणि त्याची पावलं शाबूत होती. तो पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात होता, म्हणजे कुणी तरी मातबर असावा.

पावलं नसण्याला दुसरंही एक साधं कारण असू शकतं: बकेटने नेली असतील. हे ओळखायला तुटलेली कड पाहायची. आज तुटलेलं हाड आतून फिकट, जवळजवळ पांढरं दिसतं. जुन्या तुटीवर मातीचाच रंग चढलेला असतो. ही खूण जपायची तर कडेला हात लावून ती घासूपुसू नये.

आता हंड्याविषयी. जमिनीत तोंड बंद केलेलं मडकं दिसलं की गुप्तधनाची आठवण होणार, त्यात मजुराला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या सगळ्या गोष्टीच तशा आहेत. पण परिणाम ठरलेला. दुपारी जेवायच्या सुट्टीत कुणी तरी पहारीचं टोक मारतो, आत माती निघते, कुंभाचे दहा तुकडे होतात आणि हाडं दिसली की भीतीने सगळं ढिगाऱ्यात ढकललं जातं. साइटवरच्या मुकादमाने पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवावं, की असल्या करड्या, जाड मडक्यात सोनं नसतं. तांब्याचे किंवा लाल अकीकाचे चार मणी मिळाले तर मिळाले. त्या तांब्याची खरी किंमत वेगळीच आहे: तांबं गंजताना त्याचे क्षार आतल्या धाग्याला मुरतात आणि सुतळी, कापड कुजून गेलं तरी मण्याच्या भोकातला धागा टिकतो. नेवाशाला आणि चांदोलीला असे धाग्याचे अंश मिळाले आहेत. मणी चमकवायला चिंच-मीठ लावलं, की ते गेलंच.

प्रत्येक सांगाडा तीन हजार वर्षांचा नसतो, आणि नाशिकमध्ये तर असं धरून चालताच येत नाही. हे मुसलमानी अमलातलं गुलशनाबाद. जुन्या कबरस्तानांच्या हद्दी आजच्या सात-बाऱ्याशी जुळतीलच असं नाही. मुसलमानी कबरीतही डोकं उत्तरेलाच असतं, इथेच घोटाळा होतो. पण त्यात शरीर उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला, वर फरश्या किंवा फळ्यांचा आडोसा, आणि सोबत कफनाशिवाय काही नाही, पावलं जागेवर. ख्रिस्ती दफनात साधारणपणे डोकं पश्चिमेला, पेटीच्या खिळ्यांची रांग, कधी गुंड्या. शरणपूरला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिशनची वसाहत होती, देवळालीला छावणी, त्यामुळे हेही संभवतं. गोसावी, नाथपंथी आणि लिंगायत यांच्या समाध्यांत माणूस बसलेला असतो. मांस गेल्यावर सांगाडा स्वतःतच कोसळतो, कवटी कटीच्या हाडांत येऊन पडते, आणि लहानशा वाटोळ्या खड्ड्यात हाडांचं गाठोडं कुणी आणून टाकल्यासारखं दिसतं. रुद्राक्ष, लिंग, मिठाचा थर शोधला तर उलगडा होतो. महानुभाव पंथाचे निक्षेप, म्हणजे त्यांची दफनं, आहेत. शिवाय हिंदू घरांतली तान्ही मुलं आजही पुरतात. यातल्या कित्येकांचे वारस हयात आहेत, ते वाड्यापलीकडच्या गल्लीत राहत असतील. तिथे पुरातत्त्वाचा उत्साह आवरून आधी त्या समाजाच्या जाणत्यांना बोलवावं. पुढचं त्यांच्या रीतीने व्हावं.

आणि सांगाडा परवाचाही असू शकतो. म्हणून पहिला फोन ११२ ला, याला फाटा नाही. प्लास्टिक, कपड्याची चेन, इलॅस्टिक, दातात भरलेलं सिमेंट, हाडात बसवलेला स्क्रू, वास, यातलं काहीही दिसलं तर आणखी खणायचं नाही, हात लावायचा नाही. संशयास्पद मृत्यूचा तपास पोलिसांनी करायचा असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ त्यासाठी आहे, जुन्या सीआरपीसीतलं १७४. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. पंचनाम्याच्या घाईत सांगाडा 'काढून' पोत्यात भरला जातो आणि सरकारी दवाखान्यात पोचतो. तिथले डॉक्टर हाडं माणसाची आहेत आणि जुनी आहेत एवढं सांगतात, पण तोपर्यंत जागेवरचं सगळं मोडलेलं असतं. पोलिस आले, की खापरं आणि घराच्या जमिनीची रेघ त्यांना दाखवावी, आणि पुरातत्त्वाचा माणूस येईपर्यंत हाडं जागीच ठेवण्याची विनंती करावी. पंचनामा जागेवर होतो. त्यासाठी हाडं उचलावी लागत नाहीत. राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय सराफ बाजाराजवळ सरकारवाड्यात आहे, म्हणजे शहरातल्या बहुतेक साइटवरून अर्ध्या तासाच्या अंतरावर.

हाड माणसाचं का जनावराचं, हे ओळखण्याच्या दोन-तीन खुणा पुरतात. माणसाच्या दाढा बुटक्या, माथ्यावर बोथट उंचवटे. गाईम्हशींच्या आणि शेळ्यांच्या दाढा उंच आणि वर चंद्रकोरीच्या रेघा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक माणसात जवळपास पूर्ण गोल. शेळी-मेंढीच्या पायातलं लांब हाड खाली दोन चाकांच्या कप्पीसारखं दुभंगलेलं. शंका उरली तर माणसाचंच धरून चालावं.

पोलिस आणि पुरातत्त्ववाले येईपर्यंतच्या तासाभरात पुढचं सगळं ठरतं. मशीन त्या खड्ड्यावरून मागे घ्यावी, पण अख्खी साइट बंद करायची गरज नसते. तीन-चार मीटरचं कडं दोरी बांधून सोडलं तर बाकीच्या कॉलमचं काम चालू राहतं. फोनने फोटो काढावेत: आधी लांबून संपूर्ण खड्डा, मग जवळून, शेजारी टेप किंवा फूटपट्टी आणि उत्तर दाखवणारी चिठ्ठी ठेवून. फोनचं होकायंत्र सळयांच्या जाळीजवळ खोटं बोलतं, म्हणून दिशा आठ-दहा पावलं दूर जाऊन घ्यावी. प्लिंथच्या (जोत्याच्या) लेव्हलपासून किंवा रस्त्याच्या कडेपासून खोली मोजून लिहावी. ऑटो लेव्हल, म्हणजे उंची-खोली मोजायची दुर्बीण, साइटवर असतेच, एक रीडिंग घ्यायला दोन मिनिटं लागतात. नंतर कितीही हुशार माणूस आला तरी ही खोली त्याला परत मिळवता येत नाही.

मग झाकायचं. नाशिकच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत हाड चांगलं टिकतं, कारण ती आम्ल नसते. पण हीच माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे आत हाडाला आधीच बारीक चिरा गेलेल्या असतात. ओलं असताना ते पनीरइतकं मऊ असतं; मार्च-एप्रिलच्या उन्हात तासाभरात वाळून पापुद्रे सुटायला लागतात. म्हणून सावली आधी: ताडपत्री बांबूंवर उंच ताणावी. हाडावर तिथलीच भुसभुशीत माती दोन-तीन इंच टाकावी, वर प्लास्टिक, वर पुन्हा थोडी माती. ओलं गोणपाट थेट हाडावर नको. ते चिकटतं आणि उचलताना साल घेऊन येतं. पाऊस असेल तर भोवती मातीचा बांध घालून पाणी पंपाने काढत राहावं.

काय करू नये याची यादी अनुभवी मुकादम स्वतःच करू शकेल, तरी दोन गोष्टी इतक्या वेळा होतात की सांगायलाच हव्यात. एक, पाइपच्या पाण्याने हाडं धुणं. दुसरी, हळद-कुंकू. लोकांना काही तरी करावंसं वाटतं आणि ते वाटणं चुकीचं नाही. पण कुंकवाचा रंग सच्छिद्र हाडात कायमचा बसतो, नारळाच्या पाण्याने बुरशी धरते. नारळ खड्ड्याच्या काठावर फोडावा, उदबत्ती तिथेच लावावी. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत हाडं भरणं हाही तसाच प्रकार, आतली पूड ओल धरून हाडावर कवच बनवते.

बिल्डर गप्प बसतो तो काम बंद पडेल या भीतीने. ही भीती अगदीच बिनबुडाची नाही, पण तिचा आकार वाढवून सांगितला जातो. केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती, म्हणजे पांडवलेण्यांसारख्या ठिकाणी, पहिल्या १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, ते खणण्याच्या आधीच ठाऊक असतं. साध्या प्लॉटवर मिळालेलं एखाददुसरं दफन माहीतगार तुकडी काही दिवसांत नोंदवून उचलू शकते. तेवढ्यात आरसीसी कन्सल्टंटला विचारून शेजारचं काम पुढे नेता येतं. अगदीच वेळ आली तर दोन फुटिंग एकत्र करून कॉलमचा भार फिरवता येतो. लपवण्यात मात्र खरी जोखीम आहे. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, नाही तर सापडणाऱ्याचा हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

ब्रिटनमध्ये १९९० पासून बांधकामाच्या परवानगीतच जमिनीखालच्या अवशेषांचा विचार करायची पद्धत आली. मशीन चालू असताना पुरातत्त्ववाला शेजारी उभा राहतो आणि खर्च बांधणाऱ्याकडून येतो. आपल्याकडे साध्या प्लॉटसाठी अशी काही रीत नाही. गढीपासून थोड्या अंतरावरच्या जुन्या गावठाणात, नदीकाठच्या पांढरीवर, निदान एवढं तरी व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट, गटारं यांची खोदाई होणार असताना तर नक्कीच.

उचलण्याचं काम तज्ज्ञांचं. पण साइटने मदत काय करायची ते माहीत असावं. मोठ्या माणसाचा सांगाडा जागेवरच बांबूच्या काड्यांनी आणि ब्रशने मोकळा करून, चित्र काढून, एकेक हाड वेगळं उचलतात. पंजाची हाडं डावी-उजवी वेगळ्या पिशवीत. कुंभातलं मूल मात्र जागेवर उघडत नाहीत. मातीसकट आख्खा गोळा नेतात. भोवतीची माती कोरून त्याचा चौथरा करायचा, वर ओला टिश्यू, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या, बाहेरून लाकडी चौकट, आणि शेवटी खालून पत्रा सरकवून तो सोडवायचा. टिश्यू विसरला तर प्लास्टर थेट मडक्याला धरतं. आणि वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो: ६० बाय ६० बाय ४० सेंटीमीटरचा ओल्या मातीचा गोळा अडीचशे किलोच्या आसपास जातो. चार माणसांनी 'हात लावा' म्हणून उचलायची ही गोष्ट नव्हे. चेन पुली लागते, आणि ती साइटवर असते. फेविकॉलने हाडं जोडू नयेत; तो नंतर नीट निघत नाही आणि कार्बन-१४ पद्धतीने काळ मोजायला लागणाऱ्या नमुन्यात बाहेरचा कार्बन घुसवतो. एखादा दात किंवा हाडाचा छोटा तुकडा उघडा हात न लावता, हातमोजे घालून, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून वेगळा ठेवला तर पुढे कालमापनाची आणि डीएनएची वाट उघडी राहते.

राहिला डंपर. दफन दिसण्याआधीच्या दोन-तीन खेपा कुठे खाली झाल्या ते ड्रायव्हरला त्याच दिवशी विचारावं. भराव म्हणून ती माती दुसऱ्या प्लॉटवर गेली असेल, तर रोलर फिरायच्या आत तो ढीग वेगळा राखावा. तो चाळायला प्लास्टरची वाळू चाळायची मोठी चाळणी चालेल, पण त्यातून बाळाच्या दातांचे कोंब निसटतात. खाली दोन मिलिमीटरची जाळी लावावी लागते. माती आधी चाळायची, चिकट असेल तरच पाण्यात सोडायची, आणि ढिगावर साइटचं नाव, कॉलमचा नंबर आणि तारीख लिहिलेली पाटी रोवायची.